पासबुकात न आलेले ७०० रुपये

हे प्रकरण २०१९ च्या पावसाळ्यातलं आहे. सातपुड्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी तेव्हा वैद्यकीय अधिकारी होते. पाड्याचं, केंद्राचं किंवा माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. ओळख पटेल असे बारकावेही बदलले आहेत. बाळंतपणासाठी पैसे देणाऱ्या योजना ज्यांच्या हातून रोज जातात, त्या आरोग्य खात्यातल्या, पंचायतीतल्या, संस्थांमधल्या माणसांसाठी हे लिहिते आहे. माझ्या चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

बाई २६ वर्षांची, पावरा या आदिवासी समाजातली. तिसरं बाळंतपण. पहिलं मूल पाड्यावरच, सासू आणि दाईच्या हातात झालेलं. दुसरं दोन वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात. घरात नवरा, सासू, दोन लेकरं, सात शेळ्या आणि उतारावरची दोन एकर जमीन. दिवाळीनंतर दोघं नवरा-बायको गुजरातेत ऊसतोडीला जायची आणि होळीला परत यायची. पावसाळ्यात मात्र घरीच. पाड्यापासून डांबरी रस्ता ४ किलोमीटर खाली, मधे एक नाला. रस्त्याला लागल्यावर केंद्र १८ किलोमीटर. रक्त साठवण्याची सोय असलेलं रुग्णालय केंद्राच्या पुढे आणखी ४० किलोमीटर.

जननी सुरक्षा योजना देशात १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाली. बाईने दवाखान्यात बाळंत व्हावं म्हणून तिला रोख रक्कम आणि तिला आणणाऱ्या आशाला मोबदला, अशी तिची रचना. राज्यांचे दोन गट केले गेले. ज्या राज्यांत दवाखान्यातली बाळंतपणं कमी होती, तिथे ग्रामीण भागातल्या प्रत्येक बाईला १,४०० रुपये. महाराष्ट्र दुसऱ्या गटात. इथे ग्रामीण भागात ७०० रुपये आणि तेही दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जातींच्या आणि जमातींच्या बाईलाच. राज्याची सरासरी बघितली तर हे चुकीचं वाटत नाही. पण आमचं केंद्र ज्या डोंगरात होतं, त्याच्या पलीकडच्या उतारावर मध्य प्रदेश सुरू होतो. तोच समाज, तीच बोली, सोयरिकी दोन्हीकडे. या बाईची मावसबहीण पलीकडे दिलेली होती आणि तिला १,४०० मिळाले होते. सासूला हा आकडा तोंडपाठ होता.

योजनेने देशात काहीच साधलं नाही असं नाही. दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३८.७ टक्के होतं, ते २०१५-१६ मध्ये ७८.९ टक्क्यांवर गेलं. महाराष्ट्रात त्याच दहा वर्षांत ते ६४.६ वरून ९०.३ टक्के झालं. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला आणि सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी हे सगळं कागदावर मोफत झालं. पण २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये या योजनेवर जो मोठा अभ्यास आला, त्यात एक गोष्ट स्पष्ट होती: पैसे सर्वांत गरीब आणि सर्वांत कमी शिकलेल्या बायांपर्यंतच सर्वांत जास्त पोचतात असं दिसत नाही. उरलेल्या शेवटच्या दहा टक्क्यांत कोण असतं, हे आम्हाला नकाशा न बघता सांगता येत होतं.

अडचण

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मासिक बैठकीत आशाताईने सांगितलं, "मॅडम, ती बाई यावेळी येणार नाही म्हणते." बत्तिसावा आठवडा चालू होता. हिमोग्लोबिन ७.२. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी निगेटिव्ह होती, म्हणजे रक्त कमी होतं ते अपुऱ्या अन्नामुळे, लोहाच्या कमतरतेमुळे. इतक्या कमी रक्तावर बाळंत होणाऱ्या बाईला, एरवी सहज निभावतो तेवढा रक्तस्रावही झेपत नाही.

मी आशाताईवर चिडले. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही नीट समजावलं नसेल." ती मान खाली घालून उभी राहिली. पुढे महिनाभर ती मला जेवढ्यास तेवढं बोलत होती आणि त्या महिन्यात मला तिची सर्वांत जास्त गरज होती.

आठवड्याने ग्राम आरोग्य पोषण दिवसाच्या निमित्ताने मी आणि सिस्टर पाड्यावर गेलो. बाई ओसरीवर बसली होती, पायांवर सूज. मी रक्ताबद्दल, धोक्याबद्दल बोलत होते, आशाताई पावरीत सांगत होती. सासू मधेच उठून आत गेली. पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्या आत दुसरी पिशवी, तिच्या आत फडक्यात गुंडाळलेलं पासबुक. ते तिने माझ्या मांडीवर उघडून ठेवलं. शेवटची छापील ओळ खातं उघडल्याच्या दिवसाची होती. खाली सगळं पान कोरं.

"दोन वर्षं झाली," नवरा म्हणाला. त्याला मराठी चांगलं येत होतं. मग तो माझ्याकडे न बघता आशाताईकडे बघून म्हणाला, "तुझे सहाशे आले ना? आमचे सातशे कुठे गेले?"

आशाताईचे ६०० खरंच आले होते: गरोदरपणातल्या तपासण्यांचे ३०० आणि दवाखान्यात बाळंतपण घडवून आणल्याचे ३००. नियमाने मिळालेला, कष्टाचा मोबदला. पण पाड्यावर दोन वर्षं चर्चा होती की बाईचे पैसे आशाने खाल्ले. ही गोष्ट आशाताईने मला कधीच सांगितली नव्हती. मीही विचारली नव्हती.

तो हिशेब

त्या ओसरीवर बसून मी जे त्या दिवशी केलं, ते मला पहिल्या महिन्यातच करायला हवं होतं. वहीत मागच्या बाळंतपणाचा खर्च लिहून काढला. नवरा सांगत होता, मधे सासू दुरुस्त्या करत होती.

रात्री जीप, १,२०० रुपये. सरकारी गाडी मोफत असते हे त्यांना माहीत होतं, पण पाड्यावर फोनला रेंज नाही आणि गाडी आली तरी खाली रस्त्यावर येणार. जीपवाला ओळखीचा, तो निदान थांबतो. नवऱ्याचे तीन दिवस गेले. रोजगार हमीचा त्या वर्षीचा दर २०१ रुपये होता, तेवढाच धरला तरी ६०० च्या वर. बाईला केंद्रात जेवण मिळालं, सोबतच्या दोघांना नाही. ते २५०. बाळ हातात देताना 'खुशाली' म्हणून कुणीतरी १०० रुपये मागून घेतले होते. हे आमच्या केंद्रात घडलं होतं आणि मला तिथे ओसरीवर कळलं. परतीची जीप ४००, कारण त्या दिवशी सोडायला गाडी नव्हती. शेळ्या राखायला ठेवलेल्या पोराला एक कोंबडी.

बेरीज अडीच हजारांच्या वर गेली. त्यातले जीपचे पैसे रात्री दोन वाजता रोख लागले होते आणि ते सावकाराकडून उचलले होते. योजनेचे ७०० यायचे होते नंतर, बँकेत.

दुसऱ्या बाजूला पाड्यावरच्या बाळंतपणाचा खर्च: दाईला एक लुगडं, पायलीभर ज्वारी. शिवाय योजनेच्या नियमानुसार दारिद्र्यरेषेखालची बाई घरी बाळंत झाली तरी तिला ५०० रुपये मिळतात. म्हणजे दवाखान्यात येण्याचं बक्षीस म्हणून आम्ही जे सांगत होतो, ते प्रत्यक्षात २०० रुपयांचं होतं. ७०० ही रक्कम २००५ साली ठरली, २०१९ सालीही ती ७००च होती. बाईला मूर्ख ठरवायला मग जागा उरली नाही. तिने केलेला हिशेब बरोबर होता, फक्त त्यात तिच्या जिवाचा रकाना नव्हता, आणि तो भरायचं काम आमचं होतं.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचे ५,००० रुपये तिला लागू नव्हते, कारण ती रक्कम तेव्हा फक्त पहिल्या जिवंत अपत्यासाठी होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४ मध्ये मात्र गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क लिहिलेला आहे, त्यात पहिलं की तिसरं हा भेद नाही. लागोपाठच्या बाळंतपणांनी आणि ऊसतोडीने जिचं रक्त आटलं, तिच्याच वाट्याला सर्वांत कमी पैसे, हे मला आजही पटत नाही.

जुने ७०० कुठे गेले याचा शोध तालुक्याच्या लेखा विभागात लागला. रक्कम गेली होती, परत आलेली नव्हती. आधारवर पाठवलेले पैसे आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. बाळंतपणाच्या थोडं आधी पाड्यावर एक शिबिर झालं होतं, तिथे अंगठा घेऊन सगळ्यांची नवी खाती उघडली गेली होती. बाईला ते रेशनकार्डाचं काम वाटलं. पैसे त्या खात्यात पडून होते. पेटीतलं पासबुक दुसऱ्याच खात्याचं होतं.

पर्याय

सिस्टर, आशाताई, अंगणवाडी सेविका आणि मी असे चौघी बसलो. आमच्यापुढे जे मार्ग होते, त्यातला एकही पूर्ण चांगला नव्हता.

समजावत राहायचं आणि वाट बघायची, हा नेहमीचा मार्ग. पण आशाताईचा शब्द त्या घरात आता चालत नव्हता, आणि ज्या आमिषाच्या जोरावर समजावायचं तेच खोटं ठरलेलं होतं. पैसे देऊ म्हणून न देणं हे मुळात पैसे न देण्यापेक्षा वाईट असतं. पैशांबरोबर आमचं औषध, आमचं इंजेक्शन, आमचा सल्लाही खोट्यात जमा होतो.

सिस्टरने पाड्यावर जाऊन बाळंतपण करायचं, हा दुसरा. सिस्टर त्याला तयार होती, आणि सर्वसाधारण बाईसाठी मी कदाचित हो म्हटलं असतं. कुशल हात महत्त्वाचे, छप्पर कुणाचं हे नंतर. पण ७.२ हिमोग्लोबिनला पाड्यावर हात घालणं म्हणजे रक्तस्राव झाला तर आपण नुसतं बघत बसणं.

तिसरा, तिला आधीच खाली आणून माहेरघरात ठेवायचं. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांना जोडून ही खोली असते. दिवस भरत आले की बाईने लहान मूल आणि एका सोबतिणीसह येऊन राहायचं, जेवण मिळतं, बुडीत मजुरीची तरतूद आहे. अडचण तीच: मजुरी खात्यावर आणि मागाहून. शिवाय ऑगस्ट म्हणजे निंदणीचे दिवस.

चौथा, थेट रक्ताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात आठवडाभर आधी पाठवायचं. वैद्यकीय दृष्टीने हाच बरोबर होता. पण तिथे माहेरघर नव्हतं. सोबतच्यांनी राहायचं कुठे, जेवायचं काय, पावरी कोण बोलणार? मी हा पर्याय बोलून दाखवला आणि 'ते येणार नाहीत' म्हणून स्वतःच बाजूला ठेवला. घरच्यांना विचारलंही नाही. हा या प्रकरणातला सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो मी त्यांच्या वतीने पाच मिनिटांत घेतला.

काय केलं

सगळ्यात आधी खरं सांगितलं. पुन्हा पाड्यावर जाऊन नवऱ्याला, सासूला पैसे कुठल्या खात्यात आहेत ते दाखवलं आणि 'आशाताईने एक रुपयाही घेतलेला नाही' हे शेजारच्या चार घरांसमोर सांगितलं. बैठकीत तिला जे बोलले, त्याची माफीही तिथेच मागितली. त्यानंतर काम पुढे सरकलं, एवढं नक्की.

मग नवं बाळंतपण होण्याआधीच खात्याची खात्री केली. आधार कुठे जोडलंय, नाव दोन्हीकडे एकसारखं आहे का (एकीकडे माहेरचं नाव होतं), खातं चालू आहे का. हे सगळं सातव्या-आठव्या महिन्यात दोन खेपांत होतं. बाळंतपणानंतर ओली बाळंतीण बँकेत जाऊ शकत नाही, आणि योजनेचे बहुतेक पैसे अडकतात ते तिथेच.

रक्त वाढवायला आयर्न सुक्रोजची, म्हणजे लोहाची, इंजेक्शनं ठरवली, एक दिवसाआड पाच डोस. प्रत्येक खेप म्हणजे एक दिवसाची मजुरी, म्हणून पाचातले तीन डोस बाजाराच्या दिवसांशी आणि सिस्टरच्या उपकेंद्रातल्या वाराशी जुळवून घेतले. चार झाले, पाचवा राहिला. ऑगस्टच्या मध्याला हिमोग्लोबिन ८.४ झालं.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती जीपवर. गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांचा अबंधित निधी मिळत असे. त्यातून अडल्या-नडल्या बाईच्या गाडीचा खर्च करता येतो. प्रश्न होता, पैसे द्यायचे कुणाच्या हातात? नवऱ्याला आधी दिले तर पेरणीच्या उधारीत जातील, असं सरपंच म्हणाले. आशाताई म्हणाली, "माझ्याकडे नको, पुन्हा तेच ऐकावं लागेल." शेवटी अंगणवाडी सेविकेने तोड काढली. पैसे कुणालाच द्यायचे नाहीत, जीपवाल्याला शब्द द्यायचा. समितीचा ठराव झाला: 'रात्री-बेरात्री बाळंतिणीला आणली तर दुसऱ्या दिवशी १,२०० रुपये समिती देईल.' ठरावाची प्रत जीपवाल्याने गाडीच्या कप्प्यात ठेवली.

आणि दाई. म्हातारी या सगळ्यावर नाराज होती आणि तिचं कारणही खरं होतं. दवाखान्यात गेलेल्या प्रत्येक बाईमागे तिचं लुगडं आणि ज्वारी जाते, योजनेत तिला काही नाही. मी तिला म्हटलं, "आजी, तुम्ही सोबत या. आत, बाळंतपणाच्या खोलीत." ती येईल असं मला वाटलं नव्हतं.

बाई २० ऑगस्टला माहेरघरात आली, सोबत सासू आणि धाकटं पोर. चार दिवसांनी नवरा आला. निंदण अडलंय, शेळी आजारी आहे, थोरलं पोर रडतंय. "सोमवारी परत आणतो." मी बुडीत मजुरीचं सांगितलं, तर त्याने फक्त विचारलं, "खात्यावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला जाऊ दिलं.

२५ ऑगस्टची रात्र

रविवार होता. साडेअकराला कळा सुरू झाल्या. आशाताई टॉर्च घेऊन रेंज मिळते त्या टेकाडावर गेली आणि जीपवाल्याला, मग सिस्टरला फोन केला. गोधडीची झोळी करून बांबूला बांधली, चौघांनी खांद्यावर घेतली. नाल्याला गुडघाभर पाणी होतं, अर्धा तास अलीकडे थांबावं लागलं. झोळीशेजारी दाई चालत होती, पोटावर हात ठेवून. सव्वादोनला ती रस्त्यावर पोचली तेव्हा जीप दिवे लावून उभी होती.

केंद्रात ३ वाजून २० मिनिटांनी. टेबलावर बाई घाबरली, आडवी होईना. दाईने तिच्या पाठीमागे उभं राहून तिला आपल्या छातीशी टेकवून अर्धवट बसतं धरलं. सिस्टर समोर. ४ वाजून ५ मिनिटांनी मुलगी झाली, २ किलो ३००. लगेच रडली. गर्भाशय आवळावं म्हणून ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन दिलं, वार पूर्ण आली आणि दहा मिनिटांत गर्भाशय सैल होऊन पोट मऊ पडलं. रक्त थांबेना. गर्भाशयाला मालिश, सलाइनमधून ऑक्सिटोसिन, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, दुसऱ्या हाताला दुसरी सुई. नाडी १२४, वरचा रक्तदाब ९०. सिस्टरची मूठ अर्धा तास पोटावरून हलली नाही.

१०८ रुग्णवाहिका पाचला आली. राज्यात जानेवारी २०१४ पासून चालणाऱ्या या गाड्यांमध्ये (तेव्हा ९३७) डॉक्टर असायचा, म्हणून मी केंद्र सोडलं नाही, सिस्टर बरोबर गेली. रक्तस्राव तोवर बराच आटोक्यात आला होता. ६ वाजून ४० मिनिटांनी रुग्णालयात पोचली तेव्हा हिमोग्लोबिन ५.८ होतं. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, मोफत. पाचव्या दिवशी आई आणि मुलगी घरी आल्या.

निष्पत्ती

आई वाचली. चार इंजेक्शनांनी वाढलेलं ते एक-सव्वा ग्रॅम हिमोग्लोबिन आणि वेळेवर उभी असलेली जीप, हे दोन्ही नसतं तर हे प्रकरण माता मृत्यू अन्वेषणाच्या फॉर्मवर लिहिलं गेलं असतं.

या बाळंतपणाचे ७०० रुपये सतराव्या दिवशी बरोबर खात्यात आले. नवरा बाजाराच्या दिवशी पासबुक छापून घेऊन केंद्रात आला, सिस्टरला दाखवलं, मग आशाताईला.

समितीचे १,२०० मात्र दुसऱ्या दिवशी निघाले नाहीत. खात्याला दोन सह्या लागतात आणि सरपंच नऊ दिवस बाहेरगावी होते. जीपवाल्याला दिलेला शब्द मोडायचा नव्हता म्हणून मी सकाळी खिशातून दिले आणि नंतर समितीकडून घेतले. ज्या केंद्रात डॉक्टरच्या खिशात त्या दिवशी १,२०० नसतील, तिथे ही व्यवस्था पहिल्याच रात्रीनंतर मोडेल. दाईला सोबतीण म्हणून दोन दिवसांची मजुरी समितीने दिली, तीही मीच मागे लागून.

जुने ७०० मिळवायला बाईला २२ किलोमीटरवरच्या बँकमित्राकडे (बँकेच्या प्रतिनिधीकडे) जाऊन अंगठा द्यावा लागला. पहिल्या खेपेला अंगठा उमटला नाही, ऊस तोडून रेषा झिजलेल्या. दुसऱ्या खेपेला उमटला. जीपभाडं दोन खेपांचं १६० रुपये आणि दोन दिवस. दोन वर्षांनी हाती आलेल्या ७०० मधून हे वजा करायचं.

आज तेच प्रकरण समोर आलं तर

चौथा पर्याय मी आधी उघडेन. आठच्या आतबाहेर हिमोग्लोबिन असलेल्या बाईला माझ्या केंद्रात बाळंत करण्याची योजना आखणंच चूक होतं. तिथे रक्त नव्हतं हे मला माहीत होतं. निभावलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. 'संस्थात्मक प्रसूती' या आकड्याची सवय लागली की बाई दारातून आत आली की आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं. पण आत तिला काय मिळणार, हे दार कुठलं यावर ठरतं. मोठ्या रुग्णालयाजवळ दहा दिवस राहण्याची सोय, पावरी बोलणारी सोबतीण आणि नवऱ्याला रोजची रोख मजुरी एवढं ठेवून विचारलं असतं, तर घरचे काय म्हणाले असते? नाहीच म्हणाले असते असं मी आता खात्रीने सांगू शकत नाही.

२४ तारखेला नवऱ्याने 'खात्यावर?' विचारलं, तेव्हा समितीच्या निधीतून चार दिवसांची मजुरी हातात द्यायचा विचार मला सुचला नाही. जीपसाठी ठराव केला, मजुरीसाठी केला नाही. बाई परत गेली ती त्या आठशे-नऊशे रुपयांसाठी. गैरव्यवहार टाळायला खात्यावर पैसे देण्याची पद्धत आली, ती मला मान्य आहे. पण काही रक्कम अशी असते की जिचा उपयोग फक्त त्या दिवशी, त्या वेळी आणि हातात असतानाच होतो.

नेपाळने २००५ साली बाळंतिणीच्या गाडीभाड्यासाठी रक्कम सुरू केली, तेव्हा ती भूभागाप्रमाणे ठरवली: तराईत ५०० नेपाळी रुपये, डोंगराळ भागात १,०००, उंच पर्वती भागात १,५००. त्यांनी बाईच्या दारापासून दवाखान्यापर्यंतची वाट मोजली. आपण राज्याची सरासरी मोजली. सातपुड्याच्या एकाच कड्याच्या अलीकडे ७०० आणि पलीकडे १,४०० हे त्यातूनच आलं. आमच्या पाड्यासारख्या ठिकाणी ही रक्कम अंतराप्रमाणे ठरावी, असं मी तेव्हा वरिष्ठांना लिहिलं होतं, अजूनही तेच म्हणते. नियम केंद्र सरकारचे आहेत, पण राज्याला आपल्याकडून भर घालण्यापासून कुणी अडवलेलं नाही.

आशाताईच्या बाबतीत, तिचा मोबदला आणि बाईचे पैसे एकाच वेळी निघावेत हा बदल खालच्या पातळीवरही शक्य होता. आमच्याकडे आशांची बिलं दरमहा नेमाने जात, बायांची यादी साचली की जाई. त्या महिन्यापासून दोन्ही याद्या एकत्र पाठवायला लागलो. ज्या बाईचं खातं तपासलेलं नाही तिची नोंद अपुरी, असं ठरवलं.

गरोदर मातांच्या नोंदवहीत सिस्टरने पट्टीने एक जादा रकाना आखला, लाल पेनने वर लिहिलं, 'मागचे पैसे मिळाले का?' पहिल्या तपासणीला वजन करायच्या आधी हा प्रश्न. 'नाही' म्हटलं की पासबुक आणि आधारकार्ड पुढच्या खेपेला आणायला सांगायचं. पहिल्या महिन्यात तो रकाना बराचसा 'नाही'नेच भरला. माझी बदली झाली तेव्हा सिस्टर दर शुक्रवारी ती यादी घेऊन तालुक्याच्या लेखा विभागात जाऊन बसत होती.